डावी नळी

अकरा. सलीलने काडतुसं पुन्हा डब्यात भरली, डबा उगाच हलवला, परत चादरीवर ओतला आणि जोड्या लावल्या. पाच जोड्या आणि एक सुटं. वहीत मात्र बाबांच्या जुन्या, हात थरथरायला लागण्याआधीच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं : वीस बोर, बारा नग. तिसऱ्यांदा मोजावं म्हणून त्याने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. लोहारा इथल्या प्रयोगशाळेत तो कापसाच्या धाग्याची लांबी मोजायचा. तिथे प्रत्येक नमुना तीनदा मोजायचा, तीन आकड्यांची सरासरी काढायची आणि निर्धास्त व्हायचं. काडतुसांची सरासरी निघत नाही. अकरा म्हणजे अकरा. दुपारचा दीड वाजला होता, जेवण अजून पचायचं होतं, बाहेर सुखीबाई अंगणात भांडी घासत होती, पलीकडच्या खोलीत बाबांचा पंखा कुरकुरत होता, आणि सलीलच्या बोटांत एक जाणीव हळूच परत आली.  ती ओळखीची होती.  बोटांनी सोडलेली एखादी वस्तू आपल्या अंदाजापेक्षा किंचित जास्त सहज आत जावी, तशी.

नवा नियम निघाला नसता तर त्याने हा डबा उघडलाही नसता. एका लायसनवर तीन हत्यारं चालायची, आता दोनच. तिसरं डिसेंबरच्या आत जमा करायचं. नीळकंठरावांच्या, म्हणजे बाबांच्या, लायसनवर बरोब्बर तीन होती. आजोबांची बारा बोरची दुनळी, जी वर्षभर आर्णीपलीकडच्या शेतावर भावसिंगकडे असे. लायसनवर भावसिंगचं नाव बाबांचा राखणदार म्हणून रीतसर चढवलेलं होतं. दुसरी तीनशेपंधराची रायफल, जी बाबांनी वकिली नवी नवी चालू लागल्यावर हौसेने घेतली आणि पुढे फक्त तेल पुसण्यापुरती बाहेर काढली. आणि तिसरी वीस बोरची एकनळी, हलकी, हाताला वजनच न जाणवणारी, आईची. बोरचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. लग्नानंतरची दोन वर्षं आई शेतावर राहिली होती, आणि तिला, रत्नप्रभेला, बारा बोर खांद्याला धक्का देते म्हणून बाबांनी नागपूरहून ती आणली होती. आई जाऊन पाच वर्षं झाली. बाबा म्हणाले होते, रायफल देऊन टाकू, दोन्ही छर्ऱ्याच्या बंदुका राहू देत. सलीलने त्यावर एक तक्ता केला होता. बोर किती ठेवावेत, प्रत्येकाचं काडतूस कुठे मिळतं, किती वर्षं टिकतं, कोणाच्या काय उपयोगाचं. तक्ता नेटका होता आणि त्याच्या शेवटी बाबांचंच म्हणणं निघत होतं, म्हणून बापलेक दोघेही खूश होते. तरी त्याने विचारलंच होतं, की बाबा, दोन्हींची काडतुसं सारखीच दिसतात, डबेही शेजारी, एकच बोर ठेवलेला बरा नाही का? "अरे, बोर कितीही असू देत," बाबा म्हणाले होते, "हात एकाच माणसाचा असला म्हणजे झालं." आणि आपला थरथरता उजवा हात डाव्या हाताखाली दाबून ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

बारा बोरचे घरातले नग बरोबर होते. त्यातल्या एकाचा पितळी पेंदा पिवळा होता, वाळलेल्या हळदीने, आणि कडेला कुंकवाचा फिकट ठिपका. रायफलच्याही एका काडतुसाला हळद होती. वीस बोरच्या अकरांपैकी एकालाही नव्हती. ही नोंद त्याच्या डोळ्यांनी आधी केली आणि मनाने नंतर वाचली. हळदीची तीन असायला हवी होती. नऊ दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली, तेव्हा देवघरासमोर पाटावर तीन हत्यारं होती आणि तांब्याच्या ताम्हनात तीन काडतुसं. म्हणजे एखादं काडतूस हरवलेलं नव्हतं. नेमकं ते काडतूस, पूजेचं काडतूस, जागेवर नव्हतं.

या घरात खंडेनवमीला हत्याराला घास देत. दुसऱ्या कोणाच्या घरी अशी रीत असल्याचं सलीलने ऐकलं नव्हतं. आजोबा जंगलखात्यात होते, त्यांनीच कुठून तरी आणली असावी. वर्षाचा सण आहे, माणसं पुरणपोळी खातात, मग शस्त्राने उपाशी का राहावं? हळदकुंकू लावलेलं काडतूस नळीत ठेवायचं, नमस्कार करायचा, काढून घ्यायचं. झाला घास. लहानपणी त्याला ते फार आवडे. बंदूक मधून मोडते आणि मान खाली घालून तोंड उघडते, ते त्याला गाईसारखं वाटे. विज्ञान शिकल्यावर आवडेनासं झालं. यंदा बाबांच्या हाताला कंप सुटलेला, म्हणून ते म्हणाले, "तू दे घास." तो थोडा हसतच बसला होता, हे त्याला आता आठवलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. आधी रायफल. मग आईची वीस बोर. घास दिला, काढला, ताम्हनात ठेवला. मग दुनळी. देवघरात समईचाच काय तो उजेड. ताम्हनातली दोन्ही लाल प्लॅस्टिकची, दोन्हींच्या पेंद्यावरचे आकडे हळदीने भरलेले. त्याने एक उचललं आणि डाव्या नळीत सोडलं. आणि तेव्हाच खिशातला फोन वाजला. प्रयोगशाळेतून ऋचा, त्याच्याबरोबर काम करणारी मुलगी : यंत्र बंद पडलं होतं, कुठलं बटण दाबू? तो उठून पडवीत गेला, बटण सांगितलं, परत आला. दुनळी तशीच तोंड उघडून पाटावर होती. त्याने वाकून पाहिलं. नळी रिकामी होती. बाबांनी काढून घेतलं असणार. त्याने बंदूक बंद केली, सवयीने कपाळ टेकवलं. संध्याकाळी भावसिंग पुरण खाऊन, बंदूक घोंगड्यात गुंडाळून, आर्णीच्या गाडीने परत गेला.

बाबांना वाटलं असणार, सलीलने काढून घेतलं.

तो उठला. टेबलाच्या खणातून व्हर्नियर कॅलिपर काढला.  वीस बोरच्या काडतुसाच्या पेंद्याची कड : एकोणीस पूर्णांक चार मिलिमीटर. अंग : सतरा पूर्णांक सात. बारा बोरची बंदूक समोर नव्हती, पण तिचे आकडे त्याच्याच तक्त्यात, त्याच्याच अक्षरात होते. काडतूस जिथे बसतं ती मागची कोठी वीस पूर्णांक सहा. पुढची नळी साडेअठरा. त्याने कागदावर रेघ मारायला घेतली आणि मारली नाही. गरजच नव्हती. एकोणीस पूर्णांक चार हे वीस पूर्णांक सहामधून सहज आत जातं. साडेअठरापाशी अडतं. अंगठ्याएवढं खोल, अंधारात. मागून बघणाऱ्याला कोठी रिकामी दिसते. मग तो रिकाम्या कोठीत बारा बोरचं काडतूस भरतो, तेही नीट बसतं, बंदूक नीट बंद होते, घोडा नीट ओढला जातो. कुठेही काहीही खटकत नाही. आणि जिथे नळी फाटते तिथे डावा हात असतो, आणि त्याच्या वीतभर मागे डोळा.

नऊ दिवस. सलील चादरीच्या कडेवर बसून राहिला. नऊ दिवसांत भावसिंगने किती बार काढले असतील? गुलाबी बोंडअळीने आधीच अर्धी बोंडं पोखरलेली, उरलेली हिरवी बोंडं वांदरं चावून फेकतात. भावसिंग रोज दुपार कलल्यावर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन हवेत एक बार काढतो, हे त्याने स्वतःच पुरण खाताना सांगितलं होतं. मग काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. ही आशा मनात आली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, अधिक हलकी, अधिक घाणेरडी : म्हणजे कदाचित ते तिथे नाहीच. कदाचित सुखीबाईने निर्माल्यात टाकलं. त्याने सुखीबाईला विचारलं. तिने राखेचे हात वर केले. "मी कायले हात लावू बाप्पा त्या बंदुकीच्या सामानाले? ताम्हनात दोन होते, थे साहेबाच्या हातात देल्ले. दोनच होते." ती परत घासायला लागली. दोनच. एखादा प्रयोग आपल्याला नको तोच निष्कर्ष पक्का करत जावा, तसं सगळं एकेक करून जागेवर बसत होतं.

फोन बिजलीबाईने उचलला, भावसिंगच्या बायकोने. मागे वेचणीच्या बायकांचा गलका होता. सलीलने विचारलं, काका कुठेत? "हे काय, धुऱ्याकडे गेलते आत्ता. काहून भाऊ? साहेबाची तब्येत बरी हाय नं?" बरी आहे, तो म्हणाला. बंदूक? "बंदूक संगंच हाय त्याहीच्या." आता सांगायचं. तीन शब्द होते : नळीत काडतूस अडकलंय. त्याने तोंड उघडलं, आणि त्या तीन शब्दांच्या मागे उभे असलेले बाकीचे शब्द त्याला दिसले. कोणी अडकवलं? एमेस्सी झालेल्या, धाग्याची लांबी हजाराव्या भागापर्यंत सांगणाऱ्या, घासाला हसणाऱ्या सलीलने. "काकू, काकांना सांगा, बंदूक वापरू नका. मी येतोय. जरा... लायसनचं काम आहे."

"लायसनचं?"

"हो. नवीन नियम आलाय ना, त्याचं."

"नेता काय मंग बंदूक?"

"येतो, मग बोलू," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवल्याक्षणी त्याला कळलं की त्याने भावसिंगला घाबरण्याचं काहीच कारण दिलेलं नाही. नियमाला कोण घाबरतं? बांधावर वांदरांची टोळी बसलेली असताना नियमासाठी कोण बंदूक खाली ठेवतं? त्याने लगेच पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग बाईचा तो सपाट आवाज, की हा ग्राहक सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. बाबा उठून दाराशी आले होते. "मोजलीस?" त्यांनी विचारलं. "बरोबर आहेत ना?" सलील गाडीची किल्ली शोधत होता. "बघतो," तो म्हणाला. हेही खोटंच होतं, पण पहिल्याइतकं जड नव्हतं. दुसरं खोटं नेहमी हलकं असतं.

आर्णीचा रस्ता त्याच्या पायाखालचा होता. आज तो लांब झाला होता. करोनाच्या सवयीने तोंडावर चढवलेला मास्क श्वासाने ओला झाला, तो त्याने ओढून हनुवटीवर आणला. कापसाने भरलेल्या मिनीट्रकांमागे गाडी अडकत होती, आणि ट्रकच्या जाळीतून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना चिकटलेले होते. मन त्याच्या ताब्यात नव्हतं. ते कधी आकड्यांकडे धावे, कधी भावसिंगच्या डाव्या हाताकडे. त्या हाताची करंगळी आधीच अर्धी होती, कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. लहान असताना त्याने एकदा विचारलं होतं, काका, दुखत नाही? "नाही भाऊ, थे गेली तिकडंच दुखते," भावसिंग म्हणाला होता, आणि कितीतरी दिवस सलील या विचाराने झोपला नव्हता की कुठेतरी गवतात एक एकटी करंगळी दुखते आहे. आता त्याला वाटलं, आत्ताच, या क्षणी, तो एका मालवाहू गाडीला बाजू देत असताना तिकडे बार झाला असेल. आणि आपल्याला ऐकू येणार नाही. ध्वनी एका सेकंदात साडेतीनशे मीटर जातो, पण पंचेचाळीस किलोमीटर जात नाही. झालेलं असेल तरी तासभर ते आपल्यापुरतं झालेलं नसेल. या तासात भावसिंगला दोन्ही हात आहेत आणि नाहीतही. त्याला पोहोचण्याची भीती वाटू लागली. गाडीचा वेग आपोआप कमी झाला, ते लक्षात येताच त्याने दचकून तो वाढवला. कोणी पाहिलं तर नाही ना, असं वाटून त्याने आरशात बघितलं. मागे एकटा रस्ता होता.

एक शक्यता त्याने इतका वेळ बाजूला ठेवली होती. बाबा. काही झालं तर सगळे म्हणतील, वकीलसाहेबांचा हात थरथरतो, विसरतात. कोणी विचारणारसुद्धा नाही. पोलीस आले तरी लायसन बाबांचं, वही बाबांची. आणि बाबा स्वतःही मान्य करतील. हल्ली ते न केलेल्या चुकाही मान्य करतात, गॅस चालू राहिला की म्हणतात, मीच ठेवला असेन. ही शक्यता वाईट म्हणून त्याने बाजूला ठेवली नव्हती. ती फार सोयीची होती, आणि हात लावला तर ती आपल्याला आवडेल, याची त्याला भीती होती. आर्णी मागे पडलं. डांबरी संपली, काळ्या मातीची गाडवाट लागली. दोन दिवसांमागे अवकाळी झालेला, चाकांना चिखल चिकटून गाडी नांगरासारखी जड झाली. भावसिंगच्या बंजारा तांड्याच्या अलीकडेच त्याने गाडी टाकली आणि चालू लागला.

तेव्हा बार झाला.

एकच. कोरडा, लांब, कडेला किंचित फाटलेला. तुरीवरून पक्षी उठले. सलील जागच्या जागी खाली बसला.  कान त्या आवाजाच्या पुढचा आवाज शोधत होते : किंकाळी, बायकांचा आकांत. तो आला नाही. आली ती भावसिंगची शिवी, वांदरांना, लांबलचक आणि भरगच्च, आणि सलीलला आयुष्यात कुठलाही आवाज इतका गोड लागला नव्हता. तो उठला आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांमधून धावत सुटला. ओरबाडणाऱ्या फांद्या, पायात येणारी सडकी बोंडं, वेचणीच्या बायका कंबर सरळ करून बघतायत. आणि धुऱ्यावर भावसिंग, पांढरं पागोटं, बंदूक अजून खांद्यालाच. नळीच्या तोंडाशी धूर. पलीकडच्या पळसावर अजून दोन हुप्पे, थोराड वानर, बसलेले, आणि भावसिंग त्यांच्या डोक्यावरच्या आभाळावर नेम धरून बोट मागच्या घोड्यावर सरकवतो आहे. मागचा घोडा म्हणजे डावी नळी.

"भावसिंगकाका!" तो ओरडला. आवाज फुटला नाही, चिरकला. "काका, नळीत काडतूस अडकलंय! डाव्या नळीत! फुटेल नळी!"

भावसिंगने वळून पाहिलं नाही. तो फक्त थांबला, पुतळ्यासारखा. मग बोट घोड्यावरून उचललं, अगदी सावकाश, जणू त्यावर माशी बसलीय आणि ती उडता कामा नये. बंदूक खांद्यावरून उतरवली. मोडली. उजव्या नळीतून रिकामं टरफल उडालं, डाव्या नळीतून त्याने भरलेलं काडतूस दोन बोटांनी काढलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. मग नळ्या आभाळाकडे करून मागून एक डोळा लावला, आणि बंदूक सलीलपुढे धरली. सलीलने पाहिलं. उजव्या नळीत चकचकीत कड्यांच्या टोकाला आभाळाचा एक छोटा निळा पैसा होता. डाव्या नळीत काही नव्हतं. निळं नव्हतं, उजेड नव्हता. फक्त जरा पुढे एक मंद पिवळसर गोल, खोल विहिरीत दिसावा तसा.

बिजलीबाई धावत आली होती, कमरेला कापसाची ओटी तशीच. "कांई वेगो? काय झालं?" भावसिंग म्हणाला, "एक सरळ पऱ्हाटी दे. पानं काढून." तिने दिली. त्याने ती पुढच्या तोंडाने नळीत घातली आणि कढईतलं तूप ढवळावं इतक्या हलक्या हाताने मागे ढकलू लागला. काहीतरी सुटलं. काळ्या मातीत पडलं ते लाल प्लॅस्टिकचं, वीस बोरचं, पेंद्याला हळद लागलेलं काडतूस. कुंकू अजून ओलं असावं तसं ताजं दिसत होतं. नळीत ऊन नाही ना लागत, सलीलच्या मनात आलं, आणि असं मनात यावं याची त्याला लाज वाटली.

"याडी! आई गं!" बिजलीबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली. ओटीतला कापूस सांडला. "हे तं पूजेचं हाय."

भावसिंगने काडतूस उचललं, पंच्याने पुसलं, पुन्हा पाहिलं. "नऊ दिस," तो म्हणाला. "नऊ दिस मी एकच नळी चालवून राह्यलो. मनलं कायले दोन, वांदराले एक आवाज पुरते." तो हसला नाही. "आज तुमचा फोन आला. ही मने लायसनचं काम हाय, बंदूक नेतेत. मनलं, जातेच हाय तं आज दोन्ही नळ्यांचे बार काढून घेऊ. म्हून डावी भरली."

सलीलला हे वाक्य कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने आधार म्हणून एका पऱ्हाटीला धरलं, आणि ती मुळासकट हातात आली. डावी नळी नऊ दिवस भरलीच गेली नव्हती. आजही गेली नसती. ती भरली गेली ती त्याच्या फोनमुळे. तीन शब्दांच्या जागी त्याने जो एक शब्द ठेवला होता, त्याच्यामुळे.

"साहेबाले काही बोलू नका," भावसिंग सांगत होता. "म्हातारा मानूस, हात थरथरते. चुकलं असन. जिवाले लावून घेईन उगाच." बिजलीबाईने मान हलवली. इथेच सगळं संपवता आलं असतं. ते दोघे त्याच्यासाठी दार उघडून धरून उभे होते आणि दारापलीकडे सावली होती, बाबांच्या आकाराची.  ती सोय आपल्याला खरंच आवडते आहे, हे सलीलने एक क्षणभर पुरतं जाणवून घेतलं.

"बाबांनी नाही," तो म्हणाला. "घास मी दिला. मीच घातलं. मधेच फोन आला, आणि मग परत येऊन मी नीट पाहिलं नाही."

वाऱ्याने पागोट्याचा सोगा भावसिंगच्या तोंडावर आला, तो त्याने बाजूला केला. "बरं," तो म्हणाला. "चुकते मानूस. माहाही एक डाव बैल चुकीच्या जागी बांधून झाला होता, मेला सापानं." मग तो सलीलकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "पन मंग फोनवर काहून नाही सांगतलं?"

 सलीलकडे सांगण्यासारखं जे होतं ते इतकं लहान होतं की ते उघड्या रानात दिसलं नसतं.

"शरम वाटली आसन," बिजलीबाई म्हणाली, कापूस गोळा करता करता. "शिकेल मानसाले शरम लई. आमाले का, आमी तं रोजच चुकून राह्यलो."

पळसावरचे हुप्पे खाली उतरले होते. एकाने पऱ्हाटीचं बोंड तोडलं, चावलं, टाकलं, दुसरं तोडलं. भावसिंगने खिशातून बारा बोरचं काडतूस काढलं, पेंद्यावरचा आकडा अंगठ्याने पुसून सलीलसमोर धरला. "वाचा." बारा, सलील म्हणाला. भावसिंगने ते डाव्या नळीत घातलं, बंदूक बंद केली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "आता तुमी चालवा."

"मी? मी कधी..."

"साफ झाली नं नळी? मंग चालवा. वर आभायात चालवा. मागचा घोडा."

नळी साफ होती. त्याने स्वतः पाहिलं होतं. हे कुठल्याही प्रयोगशाळेला पुरेसं होतं. तरी बंदूक हातात येताच त्याचे दोन्ही हात बाबांच्या हातांसारखे थरथरू लागले. लाकडी कुंद्याला तेलाचा आणि भावसिंगच्या घामाचा वास होता. त्याने गाल टेकवला. लाकूड कोमट होतं, दुसऱ्या गालाने नुकतंच सोडलेलं. डावा हात त्याने नळीखाली धरला, नेमका तिथे, आणि डोळा त्याच्या वीतभर मागे. सगळे आकडे त्याला पाठ होते आणि त्यांतला एकही आता उपयोगाचा नव्हता. नऊ दिवस हा माणूस इथे असाच गाल टेकवून उभा राहिला होता, काहीही न मोजता. सलीलने उघडून पुन्हा पाहावं का, असा विचार केला. भावसिंगसमोर उघडण्याची लाज वाटली. आणि हीच ती लाज, हे ओळखून त्याने बंदूक मोडली, काडतूस काढलं, नळी आभाळाला लावली. निळा पैसा. त्याने काडतूस परत घातलं. बिजलीबाई दोन पावलं मागे सरकली होती, ती तिथेच उभी राहिली.

त्याने घोडा ओढला. खांद्याला बैलाने ढुशी दिल्यासारखा धक्का बसला, कानात शिट्टी भरली, हुप्पे पळाले. डोळे मिटले गेले होते. उघडले तेव्हा दोन्ही हात जागेवर होते. त्याने दहाही बोटं डोळ्यांनी मोजली.

"काका," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता. "घरी गेलो की बाबांना सगळं सांगतो. आणि आता घरात एकच बोर ठेवायचा. ही दुनळी तुमच्याकडेच राहील. रायफल आणि आईची, दोन्ही जमा करून टाकतो. म्हणजे पुन्हा असं होणारच नाही."

भावसिंगने बंदूक त्याच्या हातातून घेतली. मोडली. टरफल काढून टाकलं. मग सलीलच्या देखतच, काहीही न लपवता, दोन्ही नळ्या उतरत्या उन्हाकडे धरून आधी एकीत डोळा लावला, मग दुसरीत. बराच वेळ पाहत राहिला.

"बोर किती ठेवता थे तुमी आन साहेब पाहा," तो म्हणाला. "मी आजपासून पाहूनच भरत जाईन."

त्याने बंदूक घोंगड्यात गुंडाळली आणि हळदीचं काडतूस सलीलच्या तळहातावर ठेवलं. ते नळीसारखंच कोमट होतं.